अनुभव कोरा असताना बडोद्यात पहिली इंटर्नशिप कशी मिळवायची?

प्रश्न: मी एम. एस. युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप करायची आहे. पोर्टलवर चाळीसेक अर्ज टाकले, एकाचंही उत्तर आलं नाही. जिथे बघावं तिथे अनुभव मागतात. बाबांचं मंगळ बाजारात कपड्यांचं दुकान आहे, कारखानदारीत आमचं ओळखीचं कुणी नाही. वर्गातल्या काही जणांनी पैसे भरून सर्टिफिकेट आणलं. मीही तेच करू का? आणि मुलीने एकटीने जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन काम मागितलेलं चालतं का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालतं, आणि तू जायलाच हवंस. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये गेली, त्यातली बरीच मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत. उन्हाळ्यात ट्रेनी घ्यायचे का, कोणाला घ्यायचं, हे ठरवणं माझ्याकडे असायचं. त्यामुळे तुझ्यासारखीचा अर्ज घेणाऱ्याला कसा दिसतो, ते मी नीट सांगू शकते.

पोर्टलवरून उत्तर न येण्याचा तुझ्या हुशारीशी संबंध लावू नकोस. मोठ्या कंपन्यांकडे अर्जांचा ढीग असतो आणि त्यांची मुलं बहुधा कॉलेजांमार्फत आधीच ठरलेली असतात. लहान कारखान्यांत माणसांची नड असते, पण पोर्टल उघडून बघायला कुणी मोकळं नसतं. मालक स्वतः, हिशेबाला एक जण, खरेदीला एक जण, टेस्टिंगला दोघे. एचआर नावाचं वेगळं खातंच नाही. तू चाळीस अर्ज जिथे टाकलेस, तिथे हे लोक कधी फिरकलेच नसतील.

याहून मोठं कारण दुसरं आहे. ट्रेनी म्हणजे कारखान्याला फुकटचे दोन हात, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ट्रेनीला फिरवून दाखवावं लागतं, प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, त्याला काही इजा होणार नाही हे बघावं लागतं. हे सगळं ज्या सुपरवायझरच्या गळ्यात पडतं, त्याचं स्वतःचं काम आधीच तुंबलेलं असतं. ‘मला शिकायचंय, संधी द्या’ हे ऐकलं की त्याला स्वतःचा वेळ जाताना दिसतो. ‘तुमचं हे राहिलेलं काम मी सहा आठवड्यांत पुरं करून देते’ हे ऐकलं की तो खुर्ची पुढे करतो. मोठी जबाबदारी घ्यायला अनुभव लागतो. राहून गेलेलं छोटं काम उरकायला तिसऱ्या वर्षाचं इलेक्ट्रिकल, बरं एक्सेल आणि चिकाटी पुरते. तेव्हा तुझी मेहनत अर्जांची संख्या वाढवण्यात घालू नकोस. कोणाकडे कोणतं काम राहिलंय, ते शोधण्यात घाल.

आणि इलेक्ट्रिकलच्या मुलीला हे शोधायला बडोद्यासारखं गाव नाही. ट्रान्सफॉर्मर एका छपराखाली तयार होत नाही. सीआरजीओ स्टीलच्या (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला लागणाऱ्या खास स्टीलच्या) पट्ट्या कापून देणारे वेगळे, टाक्या आणि रेडिएटर करणारे वेगळे, तांब्याच्या नि अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर कागद चढवणारे वेगळे. प्रेसबोर्डचे भाग, बुशिंग, तेल, कंट्रोल पॅनेल यांचेही कारखाने निराळे. व्होल्टॅम्प मकरपुऱ्यात आहे, हिताची एनर्जी मानेजाला. त्यांना आणि त्यांच्यासारख्यांना माल देणारी लहान युनिटं मकरपुरा, पोर-रमणगामडी, वाघोडिया, सावली-मंजुसर या पट्ट्यात पसरलेली आहेत. चाचण्या करणारी एर्डा ही संस्था १९७४ सालापासून आहे, तीही मकरपुऱ्यातच. आणि ट्रान्सफॉर्मर विकत घेणाऱ्या जेटको आणि एमजीव्हीसीएल या वीज कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या रेसकोर्सला. पत्रा कापण्यापासून वीज कंपनीच्या ऑर्डरीपर्यंत सगळी साखळी तुझ्या स्कूटरच्या टप्प्यात आहे.

या साखळीच्या वरच्या टोकाला सगळेच अर्ज करतात. तू मधल्या आणि खालच्या कड्यांपासून सुरू कर. पंधरा-वीस युनिटांची यादी बनव. एफजीआय आणि व्हीसीसीआय या उद्योजकांच्या संघटनांच्या सभासदांत नावं सापडतील. कॉलेजच्या मशीन लॅबमधल्या ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेलांच्या नेमप्लेटवर करणाऱ्याचं नाव असतं, त्यात बडोद्याची किती निघतात बघ. एक दुपार मकरपुऱ्यात नुसती पाट्या वाचत फीर.

ओळखीचं कुणी नाही म्हणतेस, त्यावर माझा विश्वास नाही. बाबांच्या दुकानाचे हिशेब आणि जीएसटी कोण बघतं? त्या सीएकडे किंवा टॅक्स कन्सल्टंटकडे जीआयडीसीतले पाच-सात लहान कारखानदार हमखास असतात. बाबांना सांग, ‘मुलीला नोकरी द्या असं म्हणू नका. इलेक्ट्रिकल माल बनवणारे तुमच्याकडे कोण आहेत आणि मुलीने तुमचं नाव सांगून फोन केला तर चालेल का, एवढंच विचारा.’ जुन्या गिऱ्हाइकाला एवढं कुणी नाही म्हणत नाही. दुकानाचं करंट अकाउंट ज्या बँकेत आहे तिथेही हाच प्रश्न विचारता येतो.

आता काम कोणतं मागायचं, ते जरा सविस्तर सांगते, कारण मुलं नेमकी इथेच मोघम बोलतात.

लहान ट्रान्सफॉर्मर युनिटमध्ये प्रत्येक नगाच्या रूटीन टेस्ट होतात: वाइंडिंगचा रेझिस्टन्स, रेशो, इन्सुलेशन रेझिस्टन्स, नो-लोड लॉस, लोड लॉस (लॉस म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्येच वाया जाणारी वीज) आणि इम्पिडन्स, शिवाय हाय व्होल्टेजच्या चाचण्या. आकडे रजिस्टरात किंवा सुट्या शीटवर लिहिले जातात, त्यावरून गिऱ्हाइकाचा रिपोर्ट टाइप होतो, आणि मग ते रजिस्टर कपाटात जातं. दोन वर्षांचे आकडे एकत्र बघायला कुणालाच वेळ नसतो. आता हे बघ. आयएस ११८० भाग १ हे वितरण ट्रान्सफॉर्मरचं २०१४चं मानक. त्यात ५० टक्के आणि १०० टक्के लोडला एकूण लॉस किती चालेल याची कमाल मर्यादा आहे. एकाच रेटिंगच्या (क्षमतेच्या), एकाच डिझाइनच्या दोनशे नगांचे लॉस तू एका शीटमध्ये आणलेस, तर कोणते मर्यादेच्या अगदी कडेला आलेत, ते कोणत्या महिन्यातले आणि कोणत्या लॉटच्या स्टीलचे, हे मालकाला प्रथमच एका नजरेत दिसतं. त्याचे खरे पैसे इथे वाचतात. मर्यादेबाहेर गेलेला नग परत येतो, आणि उगाच फार आत ठेवलेला नग म्हणजे जास्तीचं तांबं आणि स्टील. हे काम तिसऱ्या वर्षाच्या मुलीला जमतं, आणि त्यात ती जे शिकते ते वर्गात सहा महिन्यांत शिकून होत नाही.

अशी आणखी कामं असतात. मीटर आणि टेस्ट किटच्या कॅलिब्रेशनच्या तारखांचं रजिस्टर अद्ययावत करणं. जुनी ड्रॉइंग आणि आज प्रत्यक्ष बनणारा माल यांत कुठे फरक पडलाय ते टिपणं. वीज कंपनीचा इन्स्पेक्टर यायचा असतो तेव्हा लागणारी कागदपत्रं नगावार लावून ठेवणं. पॅनेल बनवणाऱ्याकडे गेलीस तर वायरिंगचे फेरुल नंबर (तारांच्या टोकांवरचे क्रमांक) ड्रॉइंगशी ताडून बघणं. दिसायला किरकोळ, पण हेच राहून गेल्यामुळे माल गेटवर अडतो.

जाण्याआधी एवढी तयारी कर की पहिल्या दोन प्रश्नांत तुझं पाणी कळेल. एक उदाहरण देते. ११ केव्ही / ४३३ व्होल्ट, डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरचा रेशो मीटरवर किती दिसेल? बहुतेक मुलं ११००० ला ४३३ ने भागून २५.४ सांगतात. मीटर दाखवतो ४४. कारण तो एका बाजूचं फेजचं वाइंडिंग दुसऱ्या बाजूच्या त्याच फेजच्या वाइंडिंगशी ताडतो, आणि स्टार बाजूचं फेज व्होल्टेज ४३३ भागिले वर्गमूळ ३, म्हणजे २५० आहे. दुसरं: आजच्या तापमानाला मोजलेला रेझिस्टन्स ७५ अंशांवर न्यायचा असेल तर तांब्याला २३५ आणि अ‍ॅल्युमिनियमला २२५ हा आकडा का वापरतात? हे तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासातलंच आहे. मुलाखतीला आलेल्या मुलाने ४४ सांगितलं आणि का तेही सांगितलं, तर मी त्याचे मार्क विचारत नसे.

बायोडेटा एक पान. वरचं ‘ध्येय’ नावाचं परिच्छेदभर वाक्य काढून टाक, ते कुणी वाचत नाही. कोरा आहे असं तुला वाटतं, पण तसा तो नसतो. लॅबमध्ये ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट केलीस ना? ‘ट्रान्सफॉर्मर लॅब केली’ असं लिहू नकोस. किती केव्हीएचा होता, काय मोजलं, एफिशियन्सी किती आली, पुस्तकातल्यापेक्षा वेगळी का आली, हे दोन ओळींत लिही. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल येतं का, ऑटोकॅड किती येतं, ते खरंखरं लिही. बाबांच्या दुकानाचा स्टॉक किंवा बिलं बघितली असतील तर ते लिही. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची बरीच मुलं गणपती मंडळात वर्गणीचा हिशेब सांभाळतात. तूही सांभाळला असशील तर तोही कामाचा अनुभव आहे: पैसे, पावत्या, दहा दिवस आणि चुकलं तर विचारणारी माणसं. शिवाय मराठी घरातली बडोद्याची मुलगी गुजराती आणि हिंदी सहज बोलते, इंग्रजीत रिपोर्ट लिहिते. शॉपवर, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या जागी, वाइंडरशी (तार गुंडाळणाऱ्याशी) बोलून ऑफिसात कागद करणाऱ्या माणसाला याची फार किंमत असते. भाषा सगळ्यांत खाली, छंदांच्या शेजारी ढकलू नकोस.

कॉलेजचं पत्र आधी हातात हवं. डिपार्टमेंटमधून किंवा ट्रेनिंग-प्लेसमेंट सेलमधून पत्र घे, त्यात तारखा स्पष्ट असू देत. काही कारखाने अपघात विम्याची प्रतही मागतात, ती चौकशी कॉलेजातच करून ठेव. हे कागद नसले तर होकार देणारा मालकही पुढे सरकत नाही, कारण त्याच्या आवारात बाहेरच्या मुलीला काही झालं तर जबाबदारी त्याच्यावर येते.

वेळ सांभाळ. मार्चमध्ये कुणाच्या दारात जाऊ नकोस, वर्षअखेरचा माल बाहेर काढायची धावपळ असते. कोणत्याही महिन्याचा शेवटचा आठवडाही टाळ. जानेवारी-फेब्रुवारीत भेट, एप्रिलच्या सुरुवातीला आठवण करून दे. साप्ताहिक सुट्टीचा वार फोन करून विचार. सकाळी अकराच्या सुमारास जा. आठ-नऊला माणसं लावायची घाई असते आणि संध्याकाळी गाडी भरायची.

फोनवर किंवा पत्रात म्हणायचं ते साधारण असं. गुजराती, हिंदी, इंग्रजी, समोरच्याला सोयीची भाषा घे:

‘नमस्कार. मी एम. एस. युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमुक भाईंकडून तुमचं नाव मिळालं. तुम्ही वितरण ट्रान्सफॉर्मर बनवता, म्हणजे टेस्टचे बरेच आकडे रजिस्टरात असतील. मे आणि जूनमध्ये सहा आठवडे येऊन ते एक्सेलमध्ये रेटिंगप्रमाणे लावून, आयएस ११८०च्या मर्यादेशी ताडून देऊ शकते. तुमचं दुसरं काही काम राहिलं असेल तर तेही सांगा. कॉलेजचं पत्र आहे. टेस्टिंग बघणाऱ्या साहेबांना दहा मिनिटं भेटता येईल का?’

शेवटची ओळ महत्त्वाची. गेटवर मालकाला किंवा ऑफिसातल्या कुणाला विचारलंस तर ‘मेल पाठवा’ हे उत्तर ठरलेलं. टेस्टिंग किंवा क्वालिटी बघणाऱ्याला विचार, काम त्याचं राहिलेलं असतं आणि मालक त्याचं ऐकतो. पहिल्या भेटीत नकार आला तरी निघताना विचार, ‘तुमचे रेडिएटर कोण करतं? तिथे विचारून बघू का?’ अशी नावं पुढे सरकत जातात, आणि बहुतेकांना ती इंटर्नशिप तिसऱ्या-चौथ्या गेटवर मिळते.

आता मुलगी म्हणून. बाबा किंवा भाऊ गेटपर्यंत सोडायला आले तर त्यात काही वावगं नाही, पण आत एकटीने जा आणि बोलणं तू कर. पूर्ण बंद बूट, अंगालगत कपडे, केस बांधलेले, ओढणी नको. फिरत्या वाइंडिंग मशीनजवळ ओढणी आणि मोकळे केस खरोखर धोक्याचे असतात. बायकांसाठी टॉयलेट आहे का, शॉपवर आणखी कुणी बाई काम करते का, सुटायची वेळ काय, हे पहिल्याच भेटीत सरळ विचार, त्यात संकोच करू नकोस. नीट उत्तर देणारा मालक चांगला असतो. ‘आमच्याकडे मुली घेत नाही’ म्हणणारे आजही भेटतील. मला त्यांचा राग येतो, तरी तिथे वाद घालत वेळ घालवू नकोस. पुढचं गेट गाठ. वाइंडिंगच्या शॉपवर तुला सगळे ‘बेन’ म्हणतील, तूही नावापुढे ‘भाई’ लाव. आठवडाभरात शिकवायला तेच पुढे येतील.

मोठ्या ठिकाणांचा अर्ज सोबत चालू ठेव. कोयलीची रिफायनरी, जीएसएफसीचा खत कारखाना, वीज कंपन्या अशा ठिकाणी व्होकेशनल ट्रेनिंगसाठी कॉलेजमार्फत रीतसर अर्ज जातो. मिळालं तर ऐश्वर्य बघायला मिळतं, पण बहुतेक वेळ पाहण्यात जातो. हातात काम येण्याची शक्यता लहान युनिटमध्ये जास्त. मला विचारशील तर पहिली इंटर्नशिप लहान ठिकाणी आणि दुसरी मोठ्या ठिकाणी, हा क्रम मला योग्य वाटतो.

सरकारी योजनांची नावं ऐकून गोंधळू नकोस. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी आखलेली नव्हती, ती २१ ते २४ वयाच्या, शिक्षण पूर्ण झालेल्या मुलांसाठी बारा महिन्यांची होती. नॅट्सची अप्रेंटिसशिप पदवीनंतरची, एक वर्षाची, आणि तिला अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट, १९६१चा आधार आहे. २०१९च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये ठरले होते. ती पुढच्या वर्षी नक्की बघ. या उन्हाळ्याला तिचा उपयोग नाही.

पैशांचं. लहान युनिट बहुधा काही देत नाही, दिलं तर येण्याजाण्याचं पेट्रोल. पहिल्या वेळी ते चालवून घे, पण सहा आठवड्यांवर बिनपगारी थांबू नकोस. तुझ्या कामाचा त्यांना उपयोग होतोय आणि त्यांना तू आणखी हवी आहेस, तर मानधन मागायचा तुला पूर्ण हक्क आहे. उलट दिशेने मात्र एक रुपयाही जाता कामा नये. सर्टिफिकेट विकत घेऊ नकोस. ते निरुपयोगी आहे एवढंच नाही, ते घातक आहे. मुलाखतीत मी अशा मुलांना दोनच गोष्टी विचारायची: ‘टेस्ट बेंचवर मीटर कोणत्या मेकचे होते?’ आणि ‘रिपोर्टवर सही कोण करायचं?’ आत खरोखर वावरलेला मुलगा लगेच सांगतो. दुसरा गप्प होतो, आणि मग त्याच्या बायोडेटावरच्या खऱ्या ओळींवरही विश्वास ठेवणं अवघड जातं. चांगल्या, कष्टाळू मुलांचं असं झालेलं मी पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

तुझी फॅकल्टी ज्या कलाभवनात आहे, ते सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये हाताला कसब यावं म्हणून सुरू केलं. तिथले प्राध्यापक गज्जर पुढे १९०७ मध्ये अलेम्बिकच्या उभारणीतही होते. वर्गातून उठून कारखान्यात जाणं ही तुझ्या कॉलेजची मुळातली रीत आहे. त्याच आवारातल्या कुणी पैसे भरून खोटा कागद आणावा, याचं मला म्हणूनच जास्त दुःख होतं.

आत गेल्यावर पहिला आठवडा वही घेऊन फक्त बघ. टेस्ट बेच्या (चाचण्या होतात त्या जागेच्या) कुंपणाच्या आत सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, लाल दिवा असो वा नसो. डीसी देऊन वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजताना करंट वाहत असेल तर लीड कधीही ओढून काढायची नाही. वाइंडिंगमध्ये साठलेली ऊर्जा त्या क्षणी मोठं व्होल्टेज होऊन हातावर येते. मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्सची चाचणी) केल्यानंतर टर्मिनल डिस्चार्ज करून अर्थ केल्याशिवाय हात लावायचा नाही. घाईत हे विसरणारे जुने लोकही असतात. त्यांचं बघून शिकू नकोस, या बाबतीत पुस्तकच बरोबर आहे.

निघताना तुझी शीट दोन पानी टिपणासह साहेबांना दे. त्या कारखान्याचे आकडे बाहेर कुणाला दाखवायचे नाहीत, कॉलेजच्या रिपोर्टात काय टाकलं तर चालेल तेही विचारून घे. सर्टिफिकेटवर ‘ट्रेनिंग पूर्ण केलं’ एवढंच छापील वाक्य येतं. त्याखाली ‘अमुक रेटिंगच्या नगांच्या रूटीन टेस्टचं विश्लेषण केलं’ अशी एक ओळ घालायची विनंती कर. पुढच्या वर्षी प्लेसमेंटला बसशील तेव्हा मुलाखत त्या ओळीपासून सुरू होईल.

या आठवड्यात तीन गोष्टी कर: डिपार्टमेंटमधून पत्राची चौकशी, बाबांच्या सीएला फोन, आणि वीस नावांची यादी. यादीत कोण काय बनवतं हे प्रत्येक नावापुढे लिही. कुठल्या युनिटला कोणतं काम सुचवायचं ते अडलं, तर ती यादी मला पाठव, मी प्रत्येकापुढे एक काम लिहून देईन.